फोनच्या पहिल्याच पडद्यावर कामाची माहिती : सीमाभागातील नवख्या वापरकर्त्यांसाठी विजेट लावण्याची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत आता जवळजवळ प्रत्येक घरात स्मार्टफोन आहे. तरीही बहुतेकांच्या फोनचा पहिला पडदा दुकानातून आणला त्या दिवशी जसा होता तसाच राहिलेला दिसतो. पाऊस येणार का, हे पाहण्यासाठी अ‍ॅप शोधायचे, मुलाला फोन लावायचा तर शंभर नावांतून त्याचे नाव काढायचे, बाजाराची यादी पाहायची तर आणखी एक अ‍ॅप उघडायचे, अशी दिवसभर शोधाशोध चालू असते. हा त्रास कमी करण्याची सोय फोनमध्येच दिलेली आहे आणि तिला विजेट म्हणतात. घरातल्या आणि गल्लीतल्या वडीलधाऱ्यांचे फोन लावून देताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे क्रमाने देत आहे.

१. विजेट आणि आयकॉन यांतला फरक समजून घ्या

आयकॉनवर, म्हणजे पडद्यावरच्या छोट्या चित्रावर, बोट ठेवले की अ‍ॅप उघडते आणि मग आत जाऊन माहिती शोधावी लागते. विजेट हा त्याच अ‍ॅपचा एक छोटा भाग असतो. तो होम स्क्रीनवर, म्हणजे फोन उघडताच दिसणाऱ्या पडद्यावर, कायम उघडा राहतो आणि अ‍ॅप न उघडता माहिती दाखवतो किंवा एखादे काम करू देतो. घड्याळ, तापमान, आजच्या कामांची यादी आणि गाणे थांबवण्याचे बटण ही नेहमी दिसणारी उदाहरणे आहेत.

ही सोय नवी नाही. बाहेरच्या अ‍ॅपना विजेट देण्याची मुभा अँड्रॉइडमध्ये २००९ च्या १.५ आवृत्तीपासून आहे. आयफोनच्या होम स्क्रीनवर विजेट २०२० मध्ये, आयओएस १४ (आयफोनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) सोबत आले, आणि त्यावरची बटणे थेट दाबण्याची सोय २०२३ मध्ये, आयओएस १७ मध्ये मिळाली. त्यामुळे चार-पाच वर्षे जुना फोन असला तरी या लेखातील बहुतेक गोष्टी त्यावर करता येतात आणि त्यासाठी नवा फोन घेण्याची गरज नाही.

शॉर्टकट नावाची तिसरी गोष्टही लक्षात ठेवा. काही आयकॉनवर बोट दाबून धरले की त्या अ‍ॅपमधील नेहमीच्या कामांची छोटी यादी वर येते, उदाहरणार्थ बऱ्याच पेमेंट अ‍ॅपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करण्याचा पर्याय येतो. अँड्रॉइडवर तो पर्याय धरून पडद्यावर ओढला की त्याचा वेगळा आयकॉन तयार होतो. ज्या अ‍ॅपला विजेटच नाही, त्याच्यासाठी हा उपाय पुरेसा असतो.

२. सुरू करण्यापूर्वी हे हाताशी ठेवा

- चालू स्थितीतील फोन, आणि त्याची आवृत्ती कोणती हे माहीत असणे. सेटिंग्जमध्ये सर्वांत शेवटी किंवा सुरुवातीला फोनविषयी माहिती देणारा भाग असतो, तेथे ती दिसते.
- गुगल खात्याचा किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड. मुलाने किंवा दुकानदाराने खाते उघडून दिले असेल, तर पासवर्ड आधी विचारून वहीत लिहून घ्या.
- ज्या अ‍ॅपचे विजेट लावायचे आहे ते अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घेतलेले आणि एकदा उघडून पाहिलेले असावे. काही अ‍ॅप एकदा उघडल्याशिवाय त्यांचे विजेट यादीत येत नाही.
- रोज ज्यांना फोन करता त्यांचे क्रमांक नावानिशी जतन केलेले असावेत.

३. आधी प्रश्न ठरवा, विजेट नंतर निवडा

नवखी माणसे विजेटची यादी उघडतात, रंगीत दिसेल ते लावतात आणि आठवडाभरात पडदा इतका भरतो की नेहमीचे आयकॉनसुद्धा सापडत नाहीत. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. दिवसातून अनेकदा तुम्ही फोनला कोणता प्रश्न विचारता, ते आधी कागदावर लिहा. खानापूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न पावसाचा असेल, गणपत गल्लीतल्या दुकानदाराचा प्रश्न कोणाचा माल यायचा आहे हा असेल, वडगाव-खासबागमध्ये माग चालवणाऱ्याचा प्रश्न सुताच्या आणि तयार साड्यांच्या हिशेबाचा असेल, आणि नोकरीसाठी पुण्याला किंवा गोव्याला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न एका बोटात फोन कसा लागेल हा असेल. ज्या प्रश्नाचे उत्तर एका नजरेत मिळू शकते, त्याच्यासाठीच विजेट लावावे. ज्याला वाचत बसावे लागते, त्याच्यासाठी अ‍ॅपच बरे. बातम्यांचे विजेट मी कोणालाच लावून देत नाही, कारण ते काही सांगण्यापेक्षा माणसाला आत ओढून नेते.

४. अँड्रॉइड फोनवर विजेट लावणे

१. होम स्क्रीनवर आयकॉन नसलेल्या मोकळ्या जागी बोट दाबून धरा. खाली किंवा वर काही पर्याय दिसतील.
२. त्यांतील विजेट हा पर्याय निवडा. अ‍ॅपच्या नावांप्रमाणे यादी उघडेल, आणि नावावर बोट ठेवले की त्या अ‍ॅपची उपलब्ध विजेट चित्रासह दिसतील.
३. हवे ते विजेट दाबून धरा, बोट न उचलता पडद्यावर हव्या त्या जागी आणा आणि मग बोट सोडा. काही फोनवर ओढण्याऐवजी फक्त ‘जोडा’ असे बटण असते.
४. विजेट लहान-मोठे करायचे असेल तर त्यावर पुन्हा दाबून धरा आणि सोडा. कडेला दिसणारे ठिपके ओढले की आकार बदलतो. प्रत्येक विजेटचा आकार बदलतोच असे नाही.
५. नको असेल तर विजेट दाबून धरून वर दिसणाऱ्या ‘काढून टाका’ या खुणेपर्यंत न्या. त्यामुळे फक्त विजेट जाते. अ‍ॅप आणि त्यातील माहिती फोनमध्येच राहते. मात्र त्याच जागी शेजारी अनइन्स्टॉल, म्हणजे अख्खे अ‍ॅपच काढून टाकण्याचा, पर्यायही दिसू शकतो, तिकडे विजेट नेऊ नका.

सॅमसंग, रेडमी, विवो, ओप्पो, रियलमी यांच्या फोनवर शब्द आणि मांडणी थोडी वेगळी असते, पण दाबून धरणे, निवडणे आणि सोडणे हा क्रम सगळीकडे सारखाच आहे.

येथे दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिली अडचण म्हणजे विजेट ओढूनही जागेवर बसत नाही आणि मांडणी बंद असल्याचा संदेश येतो. होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये मांडणी लॉक करण्याचा पर्याय चालू असतो, तो बंद करावा, विजेट लावावे आणि घरात लहान मुले असतील तर पुन्हा चालू करावा. मुलांच्या हातून आयकॉन इकडेतिकडे होऊ नयेत म्हणून तो पर्याय खरोखर उपयोगी आहे. दुसरी अडचण म्हणजे अ‍ॅप फोनमध्ये असूनही त्याचे विजेट यादीत दिसत नाही. जागा वाचवण्यासाठी अ‍ॅप मेमरी कार्डवर हलवलेले असेल तर असे होते. ते पुन्हा फोनच्या स्वतःच्या मेमरीत आणले की विजेट दिसू लागते.

५. आयफोन आणि आयपॅडवर

मोकळ्या जागी दाबून धरल्यावर आयकॉन थरथरू लागतात. वरच्या कोपऱ्यात संपादनाचे बटण किंवा जुन्या आवृत्तीत अधिक चिन्ह येते, तेथून विजेट जोडायचे. आयफोनवर एकाच आकाराची अनेक विजेट एकमेकांवर रचता येतात. अशा एका चळतीत १० पर्यंत विजेट बसतात आणि बोटाने वर-खाली करून ती पाहता येतात. आयओएस १६ पासून लॉक स्क्रीनवरही, म्हणजे फोन कुलूपबंद असताना दिसणाऱ्या पडद्यावरही, छोटी विजेट लावता येतात. आयपॅडवर होम स्क्रीनवर कोठेही विजेट ठेवण्याची सोय २०२१ च्या आयपॅडओएस १५ पासून आहे, त्यामुळे घरात मुलांच्या अभ्यासासाठी जुना आयपॅड पडून असेल तर वेळापत्रकाचे मोठे विजेट त्यावर लावता येईल.

६. आपल्या भागात खरोखर उपयोगी पडणारी विजेट

*हवामान.* बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस कोसळत असताना पूर्वेला अथणीकडे आभाळ कोरडे असू शकते. म्हणून हवामानाच्या विजेटवर फक्त बेळगाव लिहिलेले असणे पुरेसे नाही. विजेटवर दाबून धरून किंवा अ‍ॅपच्या आत जाऊन स्वतःच्या गावाचे, ते सापडत नसेल तर सर्वांत जवळच्या मोठ्या गावाचे नाव हाताने निवडा. गाव असे निश्चित केले की त्या अ‍ॅपला तुमचे स्थान सतत पाहण्याची परवानगी देण्याचीही गरज उरत नाही आणि बॅटरीही वाचते. शेत एका गावात आणि घर दुसऱ्या गावात असेल तर दोन छोटी विजेट शेजारी शेजारी लावा.

शक्य असेल तेथे तासागणिक अंदाज दाखवणारा प्रकार घ्या. मेअखेरीस धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी करायची असते किंवा हंगामात निपाणीकडे तंबाखू वाळत घातलेला असतो, तेव्हा दिवसभराचा एक आकडा कामाचा नसतो. दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान काय होणार, हे कळायला हवे. विजेटवर ६० टक्के लिहिलेले असले तर त्याचा अर्थ पाऊस पडण्याची शक्यता तितकी आहे असा होतो. दिवसातला तितका वेळ पाऊस पडेल किंवा पाऊस तितका जोराचा असेल, असा अर्थ कोणी काढू नये. आणि हे अंदाजच असतात. नदीकाठच्या गावांनी आणि घाटातून प्रवास करणाऱ्यांनी भारतीय हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना यांनाच प्रमाण मानावे.

*थेट फोन लावणारे विजेट.* माझ्या मते वडीलधाऱ्यांच्या फोनवर सर्वांत आधी हेच असावे. विजेटच्या यादीत संपर्क या अ‍ॅपखाली थेट डायलचा एक छोटा चौकोन असतो. तो पडद्यावर सोडला की कोणाचा क्रमांक हवा हे विचारले जाते आणि नाव निवडले की त्या व्यक्तीचा फोटो पडद्यावर येतो. त्या फोटोवर बोट ठेवले की सरळ फोन लागतो. ज्या आजींना अक्षरे दिसत नाहीत किंवा वाचता येत नाहीत, त्या मुलीचा चेहरा ओळखून तिला फोन करू शकतात. म्हणून संपर्कात फोटो आधी जोडून ठेवा, आणि तो लांबून घेतलेला गटाचा फोटो नसावा, चेहरा स्पष्ट दिसणारा असावा. एका व्यक्तीचे दोन क्रमांक असतील तर चालू क्रमांकच निवडला आहे याची खात्री एकदा फोन लावून करा. आपत्कालीन ११२ हा क्रमांकही नावानिशी जतन करून त्याचे असे विजेट करता येते, पण ते पहिल्या पडद्यावर ठेवू नका. खिशात किंवा पिशवीत बोट लागून नाहक फोन जाऊ नये, म्हणून ते दुसऱ्या पडद्यावर ठेवावे आणि कोठे आहे हे घरातल्या सर्वांना दाखवून ठेवावे.

*कन्नड वाचून दाखवणारा कॅमेरा.* सीमाभागात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही सोय इतर कोणापेक्षाही जास्त लागते. बोलीभाषेपुरते कन्नड अनेकांना येते, पण बसवरची पाटी, कार्यालयातली सूचना किंवा शेतीच्या उताऱ्यावरचा मजकूर वाचता येत नाही. गुगलच्या शोधपट्टीचे विजेट बहुतेक अँड्रॉइड फोनवर आधीच असते, नसेल तर विजेटच्या यादीत गुगल या नावाखाली मिळते. त्या पट्टीच्या उजव्या टोकाला कॅमेऱ्याची छोटी खूण असते. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उभे राहून ती खूण दाबा, भाषांतराचा पर्याय निवडा, भाषा मराठी करा आणि फोन पाटीसमोर स्थिर धरा. क्षणभरात पाटीवरच्या कन्नड अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे दिसू लागतात. गुगल ट्रान्सलेट अ‍ॅप घेतले तर त्यात कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा डाउनलोड करून ठेवा, म्हणजे खानापूरच्या जंगलभागात नेटवर्क गेले तरी निदान टाइप केलेल्या मजकुराचे भाषांतर अडत नाही.

याच्या मर्यादाही ओळखून असा. गावांच्या आणि माणसांच्या नावांचा अर्थ लावण्याच्या नादात हे भाषांतर कधीकधी नावच बदलून टाकते. हाताने लिहिलेला मजकूर त्याला नीट लागत नाही. जमिनीचा उतारा, करारपत्र किंवा न्यायालयाची नोटीस यांचा विषय काय आहे, एवढे समजून घेण्यापुरताच या कॅमेऱ्याचा उपयोग करा. सही करण्यापूर्वी कन्नड जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून किंवा वकिलाकडून तो कागद वाचून घेणे आवश्यकच आहे.

*यादी.* गुगल कीपसारख्या अ‍ॅपमध्ये एक यादी करा आणि तेवढ्या एकाच यादीचे विजेट लावा. मराठीत टाइप करणे जड जात असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोला. आणलेल्या वस्तूपुढे खूण विजेटवरूनच करता येते. ही यादी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीसोबत शेअर केली की घरून लिहिलेली वस्तू बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या पडद्यावर उमटते. मागवाल्यांनी सुताची आणि द्यायच्या साड्यांची नोंद अशीच ठेवायला हरकत नाही, मात्र पैशांचा पक्का हिशेब वहीतच असू द्या.

*कॅलेंडर आणि पंचांग.* महिन्याचे विजेट दिसायला छान असते, पण छोट्या फोनवर त्यातले काही वाचता येत नाही. त्यापेक्षा आज आणि उद्याची कामे ओळीने दाखवणारे विजेट घ्या. पंचांगाचे विजेट लावत असाल तर शहर बेळगाव निवडले आहे का हे पाहा. अनेक अ‍ॅपमध्ये मुंबई किंवा पुणे आधीच निवडलेले असते, आणि संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेत बेळगाव आणि मुंबई यांच्यात काही मिनिटांचा फरक पडतो.

७. विजेटची भाषा मराठी करणे

विजेट त्याच्या अ‍ॅपच्याच भाषेत दिसते. आपल्याकडे अनेकांचा फोन इंग्रजीत किंवा दुकानात लावून दिलेल्या कन्नडमध्ये असतो. संपूर्ण फोन मराठी करायचा असेल तर सेटिंग्जमधील भाषा या भागात मराठी जोडून ती सर्वांत वर आणा. पण घरात मुलांना इंग्रजी हवे असेल, तर अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते. भाषांच्या सेटिंग्जमध्येच अ‍ॅपच्या भाषांचा वेगळा भाग असतो, तेथे हवे ते अ‍ॅप निवडून मराठी करा. ज्या अ‍ॅपने मराठीची सोय दिलेली आहे त्यांचीच नावे किंवा भाषा तेथे दिसतील. भाषा बदलल्यावर विजेट जुन्याच भाषेत राहिले तर ते काढून पुन्हा लावा.

८. विजेट जुनीच माहिती दाखवत असेल तर

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. सकाळचे तापमान दुपारीही तसेच दिसते, कालची यादी आजही दिसते. बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइडची नेहमीची ठरावीक अंतराने ताजे होण्याची व्यवस्था ३० मिनिटांपेक्षा कमी अंतराने चालत नाही, त्यामुळे थोडा उशीर स्वाभाविक आहे. पण तासन्‌तास बदल होत नसेल, तर फोनने ते अ‍ॅप पाठीमागे बंद करून टाकलेले असते. अ‍ॅपच्या माहितीमध्ये जाऊन बॅटरी या भागात त्याच्यावरील निर्बंध काढा. रेडमी आणि तशा काही फोनवर ऑटोस्टार्ट (आपोआप सुरू होऊ देणे) नावाची वेगळी परवानगी असते, तीही द्यावी लागते. बॅटरी सेव्हर चालू आहे का आणि त्या अ‍ॅपला पाठीमागे डेटा वापरण्याची मनाई आहे का, हेही पाहा.

ही मोकळीक दोन-तीन महत्त्वाच्या अ‍ॅपनाच द्या. सर्वांना दिली तर संध्याकाळी दिवे गेलेले असताना फोनही बंद पडलेला असेल.

९. फसगत टाळण्यासाठी

व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून आलेले कोणतेही अ‍ॅप बसवू नका, मग त्यावर सरकारी योजनेचे नाव असो, लग्नपत्रिका असो की वीजबिलाची धमकी. सुंदर घड्याळाचे किंवा देवाच्या फोटोचे विजेट देणारे अ‍ॅप जर संदेश वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल, तर ते ताबडतोब काढून टाका, कारण अशा परवानगीने ओटीपी वाचता येतो आणि पडद्यावरची बटणेही परस्पर दाबता येतात. घड्याळाला संदेश वाचण्याचे काहीच कारण नसते.

लॉक स्क्रीनवर आणि पहिल्या पडद्यावर ठेवलेले कोणालाही दिसते. बँकेची शिल्लक, ईमेलचा मजकूर, दवाखान्याच्या तारखा अशी विजेट तेथे ठेवू नका. स्वतःचा पैसे घेण्याचा क्यूआर कोड दुकानदाराने पडद्यावर ठेवला तर चालेल. पिन क्रमांक मात्र यादीच्या विजेटमध्ये कधीही लिहू नये. असे लिहिलेले मी अनेक फोनवर पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी ते लगेच पुसायला लावले आहे.

१०. फोन बदलताना

जुन्या फोनवरून नव्या फोनवर संपर्क आणि अ‍ॅप आले तरी विजेटची मांडणी बहुतेकदा जशीच्या तशी येत नाही. म्हणून जुना फोन देऊन टाकण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. हवामानासाठी कोणते गाव निवडले होते आणि थेट डायलसाठी कोणाचे क्रमांक होते, तेही त्या स्क्रीनशॉटसोबत लिहून ठेवा. नव्या फोनवर थेट डायलची विजेट आधी लावा आणि तीही जुन्याच जागी, कारण ज्यांना वाचता येत नाही ती माणसे जागेवरूनच फोटो ओळखतात.